लांब केसांचे मांजर आणि घरातले काम



चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, मी किमान वेतनावर बोलेन, किंवा कंत्राटी कामगारांवर, नाही तर निदान आपल्या चरीच्या संपावर. आजवर मी दुसरे काही बोललोही नाही. मी म्हटले, ‘मांजरावर बोलतो.’ फोनवर जरा वेळ काही ऐकू आले नाही. मग ते हळूच म्हणाले, ‘भाऊ, कोणत्या मांजरावर?’ त्यांना वाटले असावे की, हे कोणा म्यानेजराचे टोपणनाव आहे.

तसे ते नाही. आमच्या घरात खरोखरच एक मांजर आहे. पर्शियन जातीचा बोका. रंगाने भुरा म्हणून नाव भुऱ्या. अंगावर वीतभर केस, शेपूट पिंजलेल्या कापसाच्या पोळीसारखी, आणि नाक इतके चपटे की भिंतीवर आपटून घेतल्यासारखे. युनियनचा माणूस आणि घरात असले साहेबी जनावर, यावरून माझी बरीच थट्टा झाली आहे. द्वारसभेत एकाने मागून विचारलेही, ‘भाऊ, मांजराला बोनस किती टक्के?’ तेव्हा ते आले कसे हे आधी सांगितले पाहिजे; कारण मी ते विकत घेतलेले नाही, आणि ते आले नसते तर या विषयाकडे माझे लक्षही गेले नसते.

२०२० साल आपण कोणी विसरणार नाही. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि ३ जूनला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले. वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. त्या वर्षी आणि पुढल्या वर्षी मांडव्यापासून नागावपर्यंतच्या पुष्कळ बंगल्यांतून मुंबईची माणसे शनिवार-रविवारची न राहता महिनेच्या महिने राहिली. कामे घरून चालत, मुलांच्या शाळा फोनवर. लहान मुलांना करमेना, म्हणून कोणी कुत्रे आणले, कोणी मांजर. पुढे कचेऱ्या उघडल्या, शाळा उघडल्या, माणसे परत गेली. सगळीच जनावरे मात्र परत गेली नाहीत.

२०२२ च्या शिमग्याच्या सुमारास अशाच एका बंगल्याचा राखणदार माझ्याकडे आला. बंगला कोणाचा, कोठला, हे मी सांगणार नाही. चार महिन्यांचा पगार थकला होता. मालक फोन उचलत नव्हते. अर्ज लिहून हवा होता. असल्या कामांना माणसे येतच असतात, तेव्हा मी कागद पुढे ओढला. त्याने मात्र पायाशी ठेवलेली तांदळाची गोणी उघडली आणि म्हणाला, ‘भाऊ, माझं राहू द्या जरा. दोन दिस झाले, हा काय खात नाय. याचं आधी बघा.’

गोणीत हा होता. मला प्रथम ते जनावर आहे हेच कळले नाही. काथ्याचा जुना पायपुसणा गुंडाळून ठेवावा तसे काही दिसले. केसांच्या जटा झालेल्या; कोठेकोठे त्या पत्र्यासारख्या कडक. काखेत आणि मांड्यांच्या मध्ये जटांनी कातडी इतकी ओढलेली की त्याला पाय पुरता पुढे टाकता येत नव्हता. त्यात गोखरू, वाळू, गोचिड्या. पोटापाशी एका जटेखाली जखम होऊन पाणी सुटले होते. डोळ्यांखाली काळे ओघळ.

राखणदाराची यात कसूर नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. त्याने आपल्या घरातला दूधभात त्याला घातला होता. मालकांनी ‘मांजराकडे लक्ष दे’ एवढे सांगितले होते. पण लक्ष द्यावयाचे म्हणजे काय करावयाचे, हे कोणी सांगितले नव्हते. आपल्या कोळीवाड्यातले मांजर कधी कोणी विंचरले आहे का? त्याच्या हिशेबाने मांजराला खायला घातले की काम संपले.

गुरांच्या डॉक्टरांनी त्याला गुंगीचे इंजेक्शन देऊन मशिनने सगळा भादरला. तासाभराचे काम झाले. खाली जटांचा ढीग पडला, तो अखंड, एखाद्या बंडीसारखा निघाला होता. आणि टेबलावर राहिले होते एक मोठ्या डोक्याचे, बारीक अंगाचे, फासळ्या मोजता येतील असे मांजर. वजन अडीच किलो. या जातीच्या बोक्याचे वजन चार ते सहा किलो भरावयास हवे. पगाराचे म्हणाल तर पत्रे लिहून, दोन खेपा घालून, चारांपैकी दोन महिन्यांचे पैसे सुटले. मांजराविषयी मात्र त्या बाजूने कोणी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. भुऱ्या आमच्याकडे राहिला.

मी फार शिकलेला माणूस नाही. कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि जे काही वाचले ते रात्रपाळीनंतर वाचनालयात. एक सवय मात्र लागली आहे. कोणतीही वस्तू पुढे आली की हिच्यात कोणाचे किती काम गेले, हे विचारावयाचे. मांजराच्या बाबतीतही मी तेच विचारू लागलो, आणि जे सापडले त्याने मी स्वतःच जरा अडचणीत आलो.

मांजर हे स्वच्छ जनावर. जागेपणीचा बराच वेळ ते अंग चाटण्यात घालवते. त्याची जीभ हातावर फिरली तर कानशीसारखी लागते, कारण तिच्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात. अमेरिकेत जॉर्जियातील तंत्रविद्येच्या संस्थेत काही संशोधकांनी या जिभेचा अभ्यास करून २०१८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की हे काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असतात. त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते, आणि तेणेकरून मांजर स्वच्छही राहते व उन्हाळ्यात थोडे थंडही होते. साध्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत सर्वांचे काटे कातडीपर्यंत पोचतात. अपवाद निघाला तो पाळीव पर्शियन मांजराचा. त्याचे केस इतके लांब आणि दाट की त्याची स्वतःची जीभ स्वतःच्या कातडीला लागत नाही.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिलो. ज्या जनावराला निसर्गाने स्वतःचे काम स्वतः करण्याचे हत्यार दिले होते, त्याच्या अंगावर माणसाने इतके केस वाढविले की ते हत्यार निकामी झाले. मग ते काम गेले कोठे? काम नाहीसे होत नसते. ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडते.

आमच्या घरात ते कोणाच्या अंगावर पडले, हे येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नकोच. केस वाढून पूर्ववत व्हावयास काही महिने लागले, आणि ते जसजसे वाढले तसतसे कामही वाढले. रुंद दातांचा लोखंडी कंगवा, मग बारीक दातांचा. आधी पाठ, मग बाजू, मग त्याला न आवडणारे पोट, आणि सर्वांत शेवटी कानामागची व काखेतली जागा. गाठ पहिल्यांदा तेथे धरते. वरच्या लांब केसांखाली लोकरीसारखी दाट लव असते. वरवर फिरवलेला कंगवा नुसता वरचे केस चमकवतो आणि खाली जटा तशीच वाढत राहते. म्हणून केसांचे थर हाताने उलटून मुळापासून विंचरावे लागते. त्यानंतर ओल्या कापसाने डोळे पुसणे, कारण चपट्या चेहऱ्यामुळे अश्रूंची वाट दबते आणि डोळे गळत राहतात. नंतर शेपटीखालची स्वच्छता. तिचे वर्णन मी करीत नाही.

रोजची वीस मिनिटे. मला गप्प बसवेना म्हणून मी हिशेब केला. वर्षाची ७३०० मिनिटे, म्हणजे १२१ तास ४० मिनिटे. आठ तासांचा दिवस धरला तर पंधरा दिवस भरून वर एक तास चाळीस मिनिटे ओव्हरटाइम. हा आकडा मी रात्री जेवताना मोठ्या कौतुकाने घरात सांगितला. सौ.ने ताट वाढता वाढता विचारले, ‘हे पंधरा दिवस कोणाचे?’ मुलगी हसली. माझी आई, जी सहसा माझी बाजू घेते, तीही हसली.

२००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याच्या प्रचारासाठी मी या तालुक्यात गावोगाव हिंडलो आहे. घरकाम हेही काम आहे, हे मी शेकडो सभांतून सांगितले असेल. आणि माझ्या घरात एका जनावराची पंधरा दिवसांची मजुरी एका माणसाच्या नावावर चढली होती व श्रेय मी घेत होतो. कोणी पाहुणा आला की मीच भुऱ्याला मांडीवर घेऊन बसे, आणि पाहुणे म्हणत, ‘भाऊ, काय छान ठेवलंय तुम्ही!’

मग आमच्यात रीतसर करार झाला. कागदावर वार लिहून तो फ्रिजवर चिकटवला. सोमवार, गुरुवार सौ.; मंगळवार, शुक्रवार मुलगी; बुधवार आणि रविवार माझा; शनिवार आईचा, कारण तिला संध्याकाळी रेडिओ ऐकत बसायचे असते आणि हात मोकळे असतात. खाडा झाल्यास दुसऱ्याच्या वाराशी अदलाबदल करावी, पण दिवस कोरा जाऊ नये, असे कलम मुलीने घातले. करार तिनेच लिहिला आणि तो पुष्कळ कारखान्यांतल्या करारांपेक्षा चांगला लिहिला आहे.

तो मोडला कोणी म्हणाल, तर मी. दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी एका कारखान्यात बोलणी फिसकटली आणि तीन आठवडे माझे घरात लक्ष नव्हते. बुधवारी मी रात्री अकराला येई. ‘उद्या करू’ म्हणे. रविवारी सभा. बाकीची तिघे आपापले वार पाळीत होती. पण आईच्या डोळ्यांना काखेतले दिसत नाही, आणि घाईच्या दिवसांत काखेतले काम माझ्यावर ठेवायचे असे ठरले होते. तीन आठवड्यांनी भुऱ्या लंगडू लागला. पाहिले तो डाव्या काखेत लिंबाएवढी गाठ. ती मी शिवणाच्या कात्रीने कापावयास गेलो. मांजराची कातडी फार सैल आणि पातळ असते. गाठीबरोबर ती वर ओढली गेली आहे हे मला दिसले नाही. कात्री कातडीत गेली. तीन टाके पडले.

जटा कधी कात्रीने कापू नये, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. पिठाचा हात लावून बोटांनी सोडवावी, नाही तर डॉक्टरांकडे मशिनने काढून घ्यावी. पण त्या दिवशी मी जे केले ते अज्ञानाने केले असे म्हणता येणार नाही. एकवीस दिवसांचे काम पाच मिनिटांत उरकण्याची घाई होती. असल्याच घाईने यंत्रावरची जाळी काढून काम करवणाऱ्या सुपरवायझराला मी अनेकदा चौकशीसमोर उभे केले आहे.

हे जनावर आपल्या हवेचे नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते बरोबर आहे. आजकाल मेन कून नावाची आणखी मोठी जात निघाली आहे, तिचा बोका आठ किलोंपर्यंतही भरतो. ती उत्तर अमेरिकेतल्या मेन या संस्थानची. तेथे हिवाळाभर बर्फ असते, आणि तिच्या पंजांच्या बोटांमध्येही केसांचे झुपके असतात. तो झुपका घेऊन ते मांजर आमच्या नागावच्या वैशाखात काय करणार? मांजराला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना तेवढा येतो. आपल्याकडे उन्हापेक्षा दमट हवा वाईट. भुऱ्या चैत्र लागला की शहाबादी फरशीवर पोट टेकून पडतो. फारशी मांजर आणि शहाबादी फरशी, हा विनोद माझ्या आईचा आहे. दुपारी ओला पंचा अंगावरून फिरवणे, पाण्याची दोन-तीन भांडी निरनिराळ्या ठिकाणी ठेवणे, आणि जनावर तोंड उघडून कुत्र्यासारखे धापा टाकू लागले तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठणे, एवढे पाळले तर उन्हाळा निघतो. चपट्या नाकाच्या मांजराला श्वासाची वाट आधीच अरुंद असते, तेव्हा त्याला वेळ फार मिळत नाही.

आता एक गंमत सांगतो. हे जनावर आपल्या किनाऱ्याला परके, असे मी समजत होतो. एकदा रेवदंड्याच्या कोटाविषयी वाचताना वेगळेच हाती लागले. पिएत्रो देला वाल्ले नावाचा रोमचा एक प्रवासी सतराव्या शतकात इराणात होता. १६२० साली तेथून लिहिलेल्या पत्रात त्याने खुरासानच्या मांजरांचे वर्णन केले आहे: रंग भुरा, केस रेशमासारखे बारीक आणि लांब, शेपूट झुबकेदार. पोर्तुगीज लोक ही मांजरे इराणातून हिंदुस्थानात नेतात, असेही तो सांगतो, आणि काही जोड्या रोमला नेऊन पैदास करण्याचा आपला बेतही लिहून ठेवतो. पुढे १६२३ साली हाच गृहस्थ गोव्याकडे जाताना आपल्या चौलला उतरला. त्याची बायको इराणात वारली होती, आणि तिचा मसाले भरून ठेवलेला देह तो पेटीत घालून बरोबर वागवीत होता. शेवटी रोमला नेऊन त्याने तो पुरला. काय एकेक माणसे!

चौलचा कोट पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये बांधावयास घेतला आणि १७४० पर्यंत तो त्यांच्याकडे होता. होर्मुझहून घोडे येथे उतरत, हे आपण शाळेत शिकलो. त्या घोड्यांच्या गलबतांतून एखादी टोपली खुरासानी मांजरांचीही उतरली असेल. पुरावा माझ्यापाशी नाही, पण वाट तीच होती. मग त्यांचा वंश कोठे आहे? लांब केसांचा गुण असा आहे की तो आई आणि बाप दोन्हींकडून आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर पिल्लू आखूड केसांचे होते व गुण पोटात दडून राहतो. रेवदंड्याच्या मासळीबाजारात कधीमधी एखादे झुपकेदार शेपटीचे मांजर दिसते. ते चारशे वर्षांपूर्वीच्या गलबतातले की गेल्या वर्षीच्या बंगल्यातले, हे मला ओळखता येत नाही. अलीकडे बंगल्यातले निघण्याचा संभव अधिक.

शिवाय आज ज्याला आपण पर्शियन म्हणतो त्याचा पर्शियाशी संबंध नावापुरताच उरला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या मांजरांचे आनुवंशिक गुण ताडून पाहिले, तेव्हा ही जात इराणकडच्या मांजरांच्या गटात न पडता पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या गटात पडली. म्हणजे आजची ही जात घडली ती युरोप-अमेरिकेत. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, तेथून बक्षिसांची चढाओढ सुरू झाली. केस आणखी लांब, डोके आणखी गोल, नाक आणखी चपटे. जुन्या चित्रांतल्या पर्शियन मांजराला चांगले लांबट नाक आहे. ते विसाव्या शतकात आत गेले. बाजाराला हवे म्हणून गेले. मांजराला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

आणि बाजाराने त्याबरोबर एक दुखणेही पोसले. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. गाठी जन्मापासूनच असतात, वयाबरोबर वाढतात आणि शेवटी मूत्रपिंड थकते. निरनिराळ्या देशांत झालेल्या पुष्कळ पाहण्यांत पर्शियन मांजरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिकांत तो आढळला. आईबापांपैकी एकात दोष असला तरी निम्म्या पिल्लांत तो उतरू शकतो. २००४ साली त्या दोषाचे नेमके स्थान सापडले, आणि तेव्हापासून साध्या तपासणीने तो कळतो. म्हणजे पैदास करणाऱ्याने आपल्या दोन जनावरांची एकदा तपासणी करून दोष असलेली वगळली, तर एका पिढीत हा रोग त्याच्या दारातून जाईल. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे जातात हे ठाऊक असताना पाण्याचा फवारा न बसवणारे कारखानदार मी पाहिले आहेत; म्हणून मला याचे नवल वाटले नाही, पण राग आला. पिल्लू घेणाऱ्याने किंमत विचारण्याआधी आईबापांच्या तपासणीचा कागद मागावा. कागद नसेल तर परत फिरावे. चार आठवड्यांचे पिल्लू कोणी हातात ठेवीत असेल तरी परत फिरावे. पिल्लू निदान आठ आठवडे आईपाशी पाहिजे, त्याहून जास्त राहिले तर उत्तमच.

कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, आणि त्याच्या ११ व्या कलमात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून जाणे हा गुन्हा धरला आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती लिहिला आहे? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. मी हे कलम त्या राखणदाराला वाचून दाखवले. तो म्हणाला, ‘भाऊ, एवढ्यात तर मांडव्याची रिक्षापण नाय येत.’ दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत. पाळीव जनावरे विकणाऱ्या दुकानाची राज्याच्या मंडळाकडे नोंदणी हवी. आपल्या शहरातल्या दुकानात ते प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, एवढे पाहून यावयास कोणाची परवानगी लागत नाही.

काही गोष्टी लोक वरचेवर विचारतात, त्या थोडक्यात सांगतो. मांजराचा केस पोटात गेला की माणूस दगावतो, असे आपल्याकडे म्हणतात. तसे काही नाही. ज्यांना मांजराने शिंका किंवा दमा होतो त्यांना तो केसाने होत नसून मांजराच्या लाळेतल्या व कातडीतल्या एका द्रव्याने होतो. केस ते घरभर वाहून नेतो एवढेच. तेव्हा घरात दमेकरी असेल तर आधी चार-सहा दिवस अशा घरी जाऊन-येऊन पाहावे, मग निर्णय करावा. गजकर्ण मात्र मांजरापासून माणसाला खरोखर होतो, आणि लांब केसांच्या जनावरांत तो लपून राहतो. आमच्या मुलीच्या मनगटावर पहिल्याच महिन्यात उमटला होता. दोघांनाही औषध चालले. घरात गरोदर बाई असेल तर मांजराच्या भुशाची पेटी तिने साफ करू नये, दुसऱ्याने रोजच्या रोज करावी. रेबीजची लस आणि मांजरांच्या इतर लशी घालाव्या. डोकेदुखीची आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. अर्धीही देऊ नये.

खाण्याबद्दल आपल्या किनाऱ्यावर मोठा गैरसमज आहे की मांजराला मासळी असली की बस. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य मांस-मासळीतून मिळावे लागते. ते न मिळाले तर डोळे जातात, हे १९७५ च्या सुमारास कळले, आणि हृदय दुबळे होते, हे १९८७ साली. म्हणून दूधभातावर मांजर जगत नाही, तग धरते. पण रोज कच्ची मासळीही बरी नव्हे; काही माशांतल्या द्रव्याने जीवनसत्त्व ब-१ नष्ट होते. बांगडा उकडून, काटे काढून, मीठ न घालता. खारवलेल्या मासळीचे तर नावच नको. आमच्या आईने हे ऐकून घेतले आणि खारा बांगडा डब्यात ठेवून झाकणावर पाटा ठेवला, कारण भुऱ्याने नियम वाचलेले नाहीत.

भुऱ्याच्या मूत्रपिंडात गाठी आहेत. गेल्या वर्षी पाणी फार पिऊ लागला म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा दिसल्या. वय सहाच्या आसपास असावे. डॉक्टर म्हणतात, काही वर्षे निघतील, काही महिनेही असतील. आता आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाइन द्यावे लागते. ते सौ. शिकली; माझा हात थरथरतो, कात्रीच्या दिवसापासून. म्हणून करारात दुरुस्ती झाली आहे. सलाइनच्या बदल्यात तिचे दोन्ही वार माझ्याकडे आले, तेव्हा विंचरण्याचे चार वार आता माझे आहेत.

तो राखणदार आता दुसऱ्या वाडीत कामाला आहे. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो. तेवढे आम्ही लिहून घेतले. महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, ओसरीवर बसतो. भुऱ्या एरवी परक्या माणसाला पाहून कपाटाखाली जातो. याच्या मांडीवर मात्र आपण होऊन चढतो आणि झोपतो. मागल्या खेपेस त्याने मला विचारले, ‘भाऊ, तेव्हा मना कोनी सांगितलं असतं, तर मी नसता विंचरला काय?’ मी म्हटले, विंचरला असता. वीस मिनिटांचे काय ते काम! पण ते त्याच्या कामात कोणी धरले नव्हते, आणि त्याचे पैसेही कोणी धरले नव्हते.

आज बुधवार आहे आणि मला नऊच्या आत घरी पोचावयाचे आहे. रुंद दातांचा आणि बारीक दातांचा असे दोन्ही कंगवे मी पिशवीतून आणले आहेत. ज्यांच्या घरी असे जनावर असेल त्यांनी सभेनंतर पुढे येऊन हातात घेऊन पाहावे. काखेतली गाठ बोटांनी कशी सोडवावी, हेही मी दाखवीन. त्यासाठी चिटणिसांनी एक लोकरीचा मफलर देऊ केला आहे.